दुसरा साक्षीदार

रहस्यकथाकाराची मुलगी म्हटल्यावर लोक हमखास विचारत, "मग घरी काय गप्पा रंगत असतील हो तुमच्या!" बिट्टी हसायची आणि विषय बदलायची. खरं सांगायचं तर घरी गप्पा व्हायच्याच नाहीत.

तिचे बाबा मोठे रहस्यकथाकार. त्यांच्या पुस्तकांतला गुप्तहेर म्हणजे निवृत्त झालेला एक गणिताचा शिक्षक, त्याला सगळे नुसतं 'मास्तर' म्हणत. मास्तर प्रत्येक पुस्तकात खुनी तर पकडायचाच, पण जाता जाता एखादं असं वाक्य बोलून जायचा की वाचणारा पानात बोट घालून जरा वेळ छताकडे बघत बसायचा. 'चोर खिडकीतून येतो, खुनी दार वाजवून येतो.' 'खरं बोलणाऱ्याला आठवायला वेळ लागतो, खोटं बोलणाऱ्याचं सगळं तयार असतं.' 'ज्याच्यावर कुणीच संशय घेत नाही, त्याच्यावर कुणाचं फारसं प्रेमही नसतं.' ही वाक्यं लोकांना तोंडपाठ होती. वकील ती कोर्टात वापरत, शिक्षक कॉपी करणाऱ्या मुलांना ऐकवत, आणि घराघरांतल्या भांडणांत दोन्ही बाजू त्यातलंच एकेक वाक्य उचलून एकमेकांवर फेकत. हळूहळू मास्तर कोणता आणि बाबा कोणते हा फरकच पुसला गेला. मास्तर जे म्हणाला ते बाबांच्या नावावर लागलं. बाबा जे जन्मात म्हणाले नव्हते तेही लागलं.

घरात बोलण्याचं खातं आईकडे होतं. बिट्टी शाळेत असतानाच आई गेली आणि ते खातं बंद पडलं. बाप-लेक दोघं समोरासमोर बसून जेवत, तेव्हा चमच्यांचा आवाज मोठा वाटायचा. बाबा वाईट नव्हते. तिचे भिजलेले बूट रात्री कुणी न सांगता शेगडीजवळ वाळत पडायचे. तिच्या पेन्सिली ब्लेडने तासून इतक्या टोकदार करून ठेवलेल्या असत की वर्गात मुली मागून बघायच्या. पण बोलायचं म्हटलं की त्यांचं अडायचं. तोंड उघडायचे, पुन्हा मिटायचे, आणि पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवायचे. तहान नसली तरी ती प्यायची.

पुढे ती शिकायला दुसऱ्या शहरात हॉस्टेलवर राहिली, कानांची तपासणी करण्याचं शिक्षण घेतलं, लग्न केलं आणि परत येऊन आपल्याच गावातल्या एका मोठ्या इस्पितळात कामाला लागली. आता पन्नाशी ओलांडली होती. घरच्यांसाठी मात्र ती बिट्टीच राहिली. घरचे म्हणजे तरी कोण, बाबा आणि नवरा. गेल्या हिवाळ्यात बाबा गेले, तेव्हापासून त्या नावाने हाक मारणारा एकटा नवराच उरला.

बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या थोडं आधी प्रकाशक तिच्याकडे आले. हे धाकटे प्रकाशक, मूळ प्रकाशकांचे चिरंजीव. त्यांना बाबांच्या वाक्यांचं छोटं पुस्तक काढायचं होतं, खिशात मावेल असं, भेट द्यायला बरं. त्यांनी टाइप केलेली पानं तिच्यापुढे ठेवली. निम्मी वाक्यं पुस्तकांतली होती, ती शोधायला सोपी. उरलेली निम्मी लोकांनी सांगितलेली होती. बाबा अमक्याच्या दुकानात असं म्हणाले, तमक्याशी बोलताना तसं म्हणाले.

"ताई, यातली खरी कुठली आणि खोटी कुठली ते तुम्हीच सांगू शकाल," प्रकाशक म्हणाले. "लोकांनी नुसता धुमाकूळ घातलाय."

धुमाकूळ तिने पाहिला होता. बाबांच्या फोटोमागे उगवता सूर्य लावून कुणीतरी 'यश ही मेहनतीची सावली असते' असं वाक्य फोनवर सोडलं होतं आणि ते तिच्याच इस्पितळातल्या नर्सने तिला पाठवलं होतं. ते खोटं आहे हे सांगायला मास्तरची गरज नव्हती. यश हा शब्द बाबांना चालत नसे. त्यांच्या तोंडी फक्त अपयश यायचं, तेही गॅसवर दूध उतू गेलं की.

तिने काम घेतलं. का घेतलं हे नवऱ्याने विचारलं तेव्हा तिने सांगितलं की दुसऱ्या कुणी केलं तर चुका होतील. नवरा मान हलवत राहिला. त्याला ते उत्तर पटलं नव्हतं आणि तिलाही पटलं नव्हतं. ती पानं हातात घेतल्याबरोबर तिला एकच वाटलं होतं, की इतकी वाक्यं हा माणूस बोलला, तर त्यातलं एखादं माझ्यासाठी असेल.

तिच्या कामात एक गोष्ट रोजची होती. बंद खोलीत पेशंटच्या कानावर हेडफोन लावायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं. काही माणसं आवाज नसतानाच बटण दाबतात. ती लबाड नसतात. त्यांना ऐकू यावं अशी इतकी इच्छा असते की शांततेतही त्यांना काहीतरी वाजल्यासारखं होतं. अशा पेशंटला बिट्टी कधी रागावत नसे. ती थोडं थांबायची आणि तोच आवाज पुन्हा सोडून बघायची.

वाक्यांसाठीही तिने तसाच नियम केला. पुस्तकात छापलेलं असेल तर प्रश्नच नाही. तोंडी असेल तर ऐकणारे दोघं हवेत, आणि दोघांना वेगवेगळं विचारायचं.

मग संध्याकाळी काम सुटलं की ती निघायची. बाबांचे केस कापणाऱ्या न्हाव्याने सांगितलं की बाबा एकदा आरशात बघून म्हणाले होते, 'आरशात माणूस स्वतःला संशयित म्हणून कधीच बघत नाही, म्हणून आरसा हा सगळ्यात वाईट साक्षीदार.' शेजारच्या खुर्चीत त्या वेळी दाढी करून घेणारे निवृत्त पोस्टमास्तर अजून होते. त्यांनीही तेच सांगितलं, शब्दशः. वाक्य पास झालं. एका न्यायाधीशांनी तीन वाक्यं सांगितली, पण ती ऐकायला त्यांच्याशिवाय कुणीच नव्हतं. तिने नियम सांगितल्यावर आधी त्यांच्या कपाळाला आठी पडली, मग ते मोठ्याने हसले आणि तिन्ही वाक्यांवर स्वतःच्या हाताने काट मारली. स्टेशनवरच्या पुस्तकवाल्याने तर तिला स्टुलावर बसवून घेतलं. बाबा इथे तासन् तास बसायचे म्हणाला. गाडी चुकलेल्या प्रवाशाशीसुद्धा बोलत बसायचे, हसवायचे. एका रडणाऱ्या बाईला त्यांनी म्हणे सांगितलं होतं, 'गाडी चुकली तर स्टेशन आपलं होतं.'

"हसवायचे?" बिट्टीने विचारलं.

"पोट धरून," पुस्तकवाला म्हणाला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने स्टुलाकडे बोट दाखवलं. "हे तेच. पाय बदललाय फक्त."

बाबा सकाळी फिरायला जात ते दुपारी परत येत, हे तिला माहीत होतं. ते कथेचा विचार करत हिंडत असतील असं तिला लहानपणी वाटायचं. आता कळत होतं की ते गावभर वाटत हिंडत होते आणि घरी येईपर्यंत पिशवी रिकामी होत होती. ज्याने त्याने आपापला वाटा जपून ठेवला होता. न्हाव्याकडे होता, पोस्टमास्तरांकडे होता, गाडी चुकलेल्या त्या बाईकडेही असणार. तिला हेवा वाटला आणि हेवा वाटला याची लाजही वाटली. बाप मेल्यावर न्हाव्याचा हेवा करायचा म्हणजे काय?

पानं संपत आली. शेवटच्या पानावर एकच वाक्य होतं आणि त्यापुढे प्रकाशकांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं. दोन पेशंटच्या मधल्या वेळात, इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या तिने ते वाचलं.

'मला गावभरचे खून सुचतात, पण माझ्या मुलीशी काय बोलावं ते सुचत नाही.'

खाली लिहिलं होतं, 'चष्मेवाल्यांना सांगितलेलं. त्यांनी एका बातमीदाराला दिलेल्या मुलाखतीतून.'

पुढचा पेशंट आत जाऊन हेडफोन लावून बसला होता. बिट्टीने काचेतून त्याला हाताने थांबायला सांगितलं आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. प्रकाशकांना फोन केला तेव्हा ते अवघडले. म्हणाले, ताई, तुम्हाला आवडेल की नाही कळत नव्हतं, म्हणून शेवटी ठेवलं. पण पुस्तक या वाक्यावर संपलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहील. बिट्टी म्हणाली की आधी चौकशी करते.

तिला ते खरं निघायला हवं होतं. इतकं, की चौकशीला जायचा धीर होईना. शनिवारी नवरा म्हणाला, चल, मी गाडीने सोडतो, बाहेर थांबतो, तेव्हा ती निघाली.

चष्म्याचं दुकान जुन्या बाजारात होतं. आत भिंतभर फ्रेमा, एका कोपऱ्यात अक्षरांचा तक्ता आणि दारापाशी गिऱ्हाइकांना बसायला लांब बाक. चष्मेवाले ऐंशीच्या घरात आले होते, तरी स्वतः काउंटरवर बसत. ती कोण हे कळल्यावर त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. मग सांगायला लागले. पावसाळी दिवस होता, बाबांनी तपकिरी कोट घातला होता, कोटाची वरची गुंडी तुटलेली होती. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, डोळे पुसले आणि अगदी हळू आवाजात ते वाक्य म्हणाले.

बिट्टी ऐकत होती आणि आतून घाबरत होती. गोष्ट फार घोटीव होती. गुंडीसुद्धा तुटलेली होती. तिने दुसरंच काही विचारलं, फ्रेमांच्या किमती, धंदा कसा चाललाय, आणि बोलता बोलता पुन्हा त्या वाक्यावर आली. या वेळी 'मुलीशी'चं 'पोरीशी' झालं आणि 'काय बोलावं'चं 'दोन शब्द कसे बोलावेत' झालं. आणखी थोड्या वेळाने तिसऱ्यांदा आलं तेव्हा खुनांचे दरोडे झाले होते.

"तेव्हा दुकानात आणखी कुणी होतं?" तिने विचारलं.

"आमची ही होती की. तिथेच बसायची, पावत्या करायला." चष्मेवाल्यांनी वर बोट दाखवलं. "आता वरच असते. गुडघे गेले. कानांनीही फारसं ऐकू येत नाही. तुम्हाला काही ऐकून नाही घेता यायचं तिच्याकडून."

बिट्टी म्हणाली की कानांचं मी बघते.

वरच्या खोलीत चष्मेवाल्यांची बायको खिडकीशी शेंगा सोलत बसली होती. कानातलं यंत्र लावलेलं होतं पण त्यातून काही जात नव्हतं. बिट्टीने खुणेने परवानगी घेतली, यंत्र काढलं, पर्समधला बारीक ब्रश घेऊन नळीतला मळ साफ केला, नवी बॅटरी घातली आणि परत बसवून आवाज हळूहळू वाढवत नेला. बाईंनी एकदम मान वर केली. खाली रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर ओढत होतं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "किती कर्कश आहे सगळं."

मग हसल्या, बिट्टीच्या गालाला हात लावला आणि तू कुणाची म्हणून विचारलं. बिट्टीने सांगितलं. बाईंनी शेंगांचं ताट बाजूला सारलं.

"काकू, बाबा दुकानात माझ्याबद्दल काही म्हणाले होते का?"

वाक्य काय होतं हे तिने मुद्दाम सांगितलं नाही. बाई आठवायला लागल्या आणि त्यांना वेळ लागला. खिडकीबाहेर बघत राहिल्या, ओठ हलवत राहिल्या.

"म्हणाले असं नाही गं," त्या अखेर म्हणाल्या. "विचारलं."

"काय?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या वेळी त्यांची स्वतःची मुलगी बाहेरगावी नोकरीला होती. वर फोन नव्हता, खाली दुकानात होता, म्हणून ती तिथेच फोन करायची. एकदा बाबा चष्मा तयार व्हायची वाट बघत बाकावर बसले होते आणि तेवढ्यात मुलीचा फोन आला. बाईंनी तिला विचारलं, काय जेवलीस? झालं, मुलगी सुरू झाली. खानावळीतला भात, मग खानावळीची मालकीण, मग मालकिणीचा भाऊ, मग ऑफिसातलं राजकारण, मग सर्दी. चष्मा तयार होऊन थंड झाला तरी हिचं आपलं चालूच. बाईंनी फोन ठेवला तेव्हा बाबा त्यांच्याकडे टक लावून बघत होते.

"मला म्हणाले, तुम्ही फक्त काय जेवलीस एवढंच विचारलंत. मी म्हटलं, हो. म्हणाले, आणि ती इतकं बोलली? मी म्हटलं, अहो, पोरीला आणखी काय विचारायचं असतं? काय जेवलीस म्हणायचं आणि गप्प बसायचं. बाकीचं ती आपणहून सांगते." बाई थांबल्या. "त्यांनी ते इतकं मन लावून ऐकलं बघ. शाळेतला मुलगा गणित समजून घेतो तसं. म्हणाले, माझी मुलगी हॉस्टेलवर आहे. मी करून बघतो."

बिट्टीने ताटातली एक शेंग उचलली.

"मग काड्या सैल झाल्या म्हणून परत आले. मी विचारलं, काय, केलंत का? तर म्हणाले, केलं. ती म्हणाली, जेवले. मग? मग काही नाही म्हणाले, तिने फोन ठेवला." बाई हसल्या, पण बिट्टीचा चेहरा बघून हसू आवरलं. "अगं, पोरी असतातच तशा त्या वयात. मी त्यांना म्हटलं, एकदा विचारून होतंय का? डब्याचं झाकणसुद्धा पहिल्या झटक्याला निघत नाही. विचारत राहा. तर म्हणाले, किती दिवस? मी म्हटलं, त्याची काय मोजदाद असते का!"

हॉस्टेलचा फोन जिन्याखाली होता. रविवारी सकाळी तिथे मुलींची रांग लागायची आणि बिट्टीचा फोन आला की वॉर्डन जिन्यातून हाक मारायची. ती खाली धावत यायची. पलीकडून बाबांचा घसा खाकरल्याचा आवाज, मग तो प्रश्न. काय जेवलीस? रविवारी सकाळी कोण जेवलेलं असतं? जेवले, म्हणायची ती. हं, म्हणायचे बाबा. मग थोडी अवघडलेली शांतता, मागच्या मुलीचं चुळबुळणं, आणि ठेवते म्हणून ती फोन ठेवायची. मैत्रिणी विचारायच्या, तुझे बाबा डॉक्टर आहेत का गं, पथ्याचं विचारतात? लग्न झाल्यावरही तेच. हातात मोबाइल आले तरी तेच. या माणसाकडे विचारायला दुसरं काहीच नाही, इतकी पुस्तकं लिहून माझ्यासाठी हे एवढंच उरलंय, असं तिला वाटायचं आणि ती तेवढ्याच मापाचं उत्तर द्यायची. शेवटच्या दिवसांत इस्पितळाच्या खाटेवर त्यांच्या ओठांना कोरड पडली होती. तिने ओला कापूस लावला तर डोळे उघडून त्यांनी तेच विचारलं. नर्सला वाटलं की भ्रम झालाय. बिट्टी म्हणाली होती, जेवले बाबा, तुम्ही झोपा. आणि ते झोपले होते.

"तुला नव्हतं माहीत?" बाईंनी विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली. मग तिने विचारलं की आणखी काही म्हणाले का. बाईंनी पुन्हा खिडकीबाहेर बघून आठवलं. नाही, म्हणाल्या, नाकावर टोचतो एवढं म्हणाले चष्म्याबद्दल. बिट्टीने विचारलं, कसं म्हणाले? बाईंना तो प्रश्न कळला नाही, पण तिचं तोंड बघून त्यांनी उत्तर दिलं. नाकाला हात लावून म्हणाले, असा. आणि फ्रेम निवडताना विचारलं होतं की ही लावली की मी रागीट दिसतो का. त्यांना जाड काळी फ्रेम आवडली होती. पण रागीट दिसतो म्हटल्यावर त्यांनी ती परत ठेवली आणि पातळ काडीची घेतली.

"आणखी?"

"आणखी नाही गं, बाळ," बाई म्हणाल्या. "असतं तर दिलं नसतं का?"

खाली जिन्याच्या पायथ्याशी चष्मेवाले उभे होते. त्यांना सगळं कळलं असावं. त्या लाकडी घरात वरचं बोलणं खाली सहज ऐकू जात होतं. ते रुमालाने उगाच एक भिंग पुसत होते.

"शब्द तसे नसतील, ताई," ते म्हणाले. "पण हिच्या फोननंतर त्या माणसाच्या तोंडावर तेच लिहिलेलं होतं. मी नुसतं वाचून दाखवलं."

बातमीदाराला सांगताना 'काय जेवलीस' हे फारच साधं वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाच्या नावावर ते शोभलं नसतं, असंही ते म्हणाले. बिट्टीने त्यांना नमस्कार केला. तिला त्यांचा राग आला नव्हता. बाहेर पडताना ती दारापाशी थांबली आणि त्या लांब बाकावर थोडी बसली. बाकावरून काउंटरवरचा फोन दिसायचा, आता तिथे फोन नव्हता, कार्डाचं मशीन होतं. एक गिऱ्हाईक आलं तेव्हा ती उठली.

गाडीत बसते न बसते तोच प्रकाशकांचा फोन. त्यांना दम निघत नव्हता. बिट्टीने सांगितलं की दुसरा साक्षीदार भेटला आणि वाक्य खोटं आहे, काढून टाका. प्रकाशक खूप हळहळले. शेवटचं पान कोरं राहील म्हणाले, लोकांना छपाईची चूक वाटेल. मग त्यांनी जरा घुटमळत विचारलं, त्या जागी घालायला ते तुम्हाला स्वतःला कधी काही म्हणाले होते का? काहीही चालेल, एखादी ओळ.

"छापण्यासारखं नाही," बिट्टी म्हणाली.

पुढे पुस्तक निघालं ते त्या वाक्याशिवाय. शेवटच्या पानावर मास्तरच्या जुन्या पुस्तकांची जाहिरात आहे. पण जे एकदा मुलाखतीत छापून आलं ते कसलं थांबतंय? ते खोटं वाक्यच सगळ्यात जास्त फिरतं. बाबांच्या फोटोवर लिहून लोक ते आपापल्या मुलींना पाठवतात, आणि एकदा तर एका पेशंटने हेडफोन काढल्या काढल्या तिलाच वाचून दाखवलं. पहिल्या पहिल्यांदा ती सांगायची, असं ते म्हणाल्याचा पुरावा नाही. मग लोक विचारायचे, तुम्हाला काय माहीत? मग ती सांगेनाशी झाली. त्या वाक्याने कुणाचा तरी बाप फोन उचलत असेल तर उचलू दे.

त्या शनिवारी मात्र तिने प्रकाशकांचा फोन बंद केला आणि पर्स मांडीवर घेऊन बसून राहिली. नवऱ्याने गाडी घरी आणली, गेटच्या आत लावली, इंजिन बंद केलं. ती उतरेना, म्हणून तोही उतरला नाही.

"काय झालं तिथे?" बऱ्याच वेळाने त्याने विचारलं.

तिने सांगितलं. चष्मेवाल्यांची गुंडी, काकूंचा फोन, डब्याचं झाकण, रागीट दिसणारी फ्रेम. बाबा मन लावून ऐकत होते हे सांगताना तिचा आवाज फाटला. नवऱ्याने काच थोडी खाली केली.

"सकाळी काही नसायचं रे," ती एकदम म्हणाली.

"कशाचं?"

"हॉस्टेलवर. रविवारी. म्हणून मी नुसतं जेवले म्हणायचे. पण आदल्या रात्री असायचं. शनिवारी उकडलेले बटाटे असायचे. एवढे मोठे, आणि मधे कच्चे. माझी रूम पार्टनर ते रुमालात बांधून खोलीवर आणायची आणि इस्त्री उलटी धरून तिच्यावर भाजायची."

"इस्त्रीवर?"

"अरे हो! एकदा सगळा जिना बटाट्याच्या वासाने भरला. वॉर्डन वास घेत घेत एकेक दार ठोठावत आली. आम्ही दोघींनी इस्त्री पलंगाखाली सारली तर गादीच पेटायला लागली. मग मी पाण्याचा जग ओतला. पार्टनर म्हणाली, मॅडम, हिला ताप आलाय, पाण्याच्या पट्ट्या ठेवतेय." ती हसत होती आणि तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. "दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. जळकी गादी वर होती, मी खाली उभी. माझ्याकडे एवढं होतं सांगायला."

नवरा स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. ऊन गाडीच्या टपावरून उतरून गेटच्या भिंतीवर गेलं होतं.

"मग वॉर्डन काय म्हणाली?" त्याने विचारलं.

"थांब, सांगते," बिट्टी म्हणाली. तिने ओढणीने तोंड पुसलं. "त्याच्या आधी बुधवारचं सूप सांगायला पाहिजे. नाहीतर तुला कळायचं नाही."